वर्तुळाची किनार

पितळी थाळीच्या काठावर कळ्यांची नक्षी कोरावयाची असेल, तर शेवटची कळी पहिलीशी नीट जुळली पाहिजे. एरवी एके ठिकाणी फट तरी राहते, नाहीतर दाटी तरी होते. सरळ पट्टीवर उरलेला भाग टोकाशी दडविता येतो. वर्तुळाला टोकच नसते. संकेतस्थळाच्या पानावर गोल आकृतीची किनार सजविणाऱ्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

अशा पानावरील प्रत्येक घटक मुळात आयताकृती चौकटीत मांडलेला असतो. चौरस चौकटीचे चारही कोपरे तिच्या बाजूच्या निम्म्या त्रिज्येने गोलविले, म्हणजे ‘बॉर्डर-रेडियस’ हा गुणधर्म ५० टक्के ठेवला, की वर्तुळ मिळते. चौकटीची लांबी-रुंदी असमान असल्यास मात्र लंबवर्तुळ होते.

आता किनारीवर तुटक रेघांची नक्षी काढू. त्यासाठी ‘एसव्हीजी’ ही रेखाचित्रांची पद्धत सोयीची आहे. वर्तुळाची त्रिज्या १०० पिक्सेल घेतल्यास परीघ सुमारे ६२८.३ पिक्सेल भरतो. २० पिक्सेलची रेघ आणि तितकेच अंतर, अशी ४० पिक्सेलची एक जोडी मानू. पंधरा जोड्यांनी ६०० पिक्सेल व्यापले जातात व २८.३ उरतात. त्यांत आणखी एक रेघ मावते. परंतु तिच्यापुढे २० ऐवजी केवळ ८.३ पिक्सेलचे अंतर राहते. नक्षीचा सांधा तेथेच उघडा पडतो.

‘पाय’ ही संख्या अपरिमेय असल्यामुळे, त्रिज्या पूर्णांकी असता पूर्णांकी मापाच्या जोड्यांनी परीघ तंतोतंत कधीच भरत नाही. म्हणून विचाराचा क्रम उलटा करावा: आधी लांबी न ठरविता संख्या ठरवावी. सोळा जोड्या हव्या असतील, तर ‘पाथ-लेंग्थ’ या गुणधर्माने संपूर्ण परीघ ३२ भागांचा आहे असे सांगावे. रेघेस एक भाग व अंतरास एक भाग द्यावा. प्रत्यक्ष माप ब्राउझर स्वतः काढतो. मग वर्तुळ कितीही लहानमोठे केले, तरी सांधा दिसत नाही.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजावरील चक्रात हेच तत्त्व दिसते. त्याचे आरे चोवीस, म्हणून दोन आऱ्यांमधील कोन १५ अंशांचा. ध्वज लहान असो वा मोठा, त्यात बदल होत नाही. वर्तुळ सजविताना प्रथम मोजावे, मग मापावे.