प्रकाशाच्या झोताने अतिसंवाहकता

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, राज्याच्या सीमेजवळ बपेरा हे गाव आहे. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या विद्युतघटांसाठी वापरले जाते. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते, तिच्यात हेच संयुग असते. या भागातील शाळांना मँगनीज काही नवे नाही. पण मँगनीजच्या काही गुंतागुंतीच्या ऑक्साइडांनी भौतिकशास्त्रज्ञांना एक वेगळीच वाट दाखवली. पदार्थाचे विद्युत गुणधर्म प्रकाशाचा योग्य झोत टाकून बदलता येतात, ही ती वाट. पुढे ती अतिसंवाहकतेपर्यंत, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटीपर्यंत पोचली. ती कशी, ते पाहू या.

अतिसंवाहकतेची दोन लक्षणे

तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंच्या कंपनांवर आणि स्फटिकातील दोषांवर आदळत जातात. म्हणून रोध निर्माण होतो आणि तार तापते. 1911 साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांना असे आढळले, की पारा सुमारे 4.2 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 269 अंश सेल्सियसपर्यंत थंड केला, की त्याचा रोध एकाएकी नाहीसा होतो. हे झाले पहिले लक्षण. 1933 साली माइसनर आणि ऑक्सनफेल्ड यांनी दुसरे लक्षण शोधले : अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि या सर्व जोड्या एका तालात चालतात, असे स्पष्टीकरण 1957 साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिले. उष्णतेने जोड्या फुटतात, म्हणून थंडी हवी. 1986 नंतर तांब्याच्या ऑक्साइडांचे असे अतिसंवाहक सापडले, की त्यांतल्या काहींना द्रवरूप नायट्रोजनची (77 केल्विन) थंडी पुरते. त्यांच्यात जोड्या का जमतात, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1994 साली इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगांत अतिसंवाहकता असल्याचे दाखवले. 2016 साली त्याच संस्थेत शुद्ध बिस्मथचा स्फटिक सुमारे 0.0005 केल्विनपर्यंत थंड केल्यावर अतिसंवाहक होतो, असे आढळले. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या थोड्या इलेक्ट्रॉनांत अतिसंवाहकता का यावी, हे 1957 च्या सिद्धांताच्या नेहमीच्या चौकटीत बसत नाही.

प्रकाश तर तापवतो, मग?

येथे चांगला विद्यार्थी शंका काढील : प्रकाश पडला की वस्तू तापते, आणि तापली की अतिसंवाहकता जाते. मग प्रकाशाने ती येईल कशी? शंका रास्त आहे. उत्तर दडले आहे प्रकाशाच्या निवडीत.

वर्गात एक प्रयोग करा. दोन खुर्च्यांच्या मध्ये आडवी दोरी बांधा. तिला वेगवेगळ्या लांबीचे तीन लंबक टांगा. चौथा, जरा जड लंबक असा टांगा, की त्याची लांबी त्या तिघांपैकी एकाइतकीच असेल. चौथ्याला झोका द्या. थोड्या वेळाने त्याच्याच लांबीचा लंबक जोरात झुलू लागेल. बाकीचे दोन थोडेसे हलतील. हा अनुनाद.

स्फटिकातील अणूही असेच ठरावीक वारंवारतांनी कंप पावतात. त्यांतील कित्येक कंपने अवरक्त प्रकाशाच्या वारंवारतेत बसतात. 1997 साली जपानी शास्त्रज्ञांनी प्रासिओडिमियम, कॅल्शियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडावर लेसरचा झोत टाकून त्या विद्युतरोधकाचे रूपांतर धातूसारख्या वाहकात करून दाखवले. 2007 साली त्याच संयुगातील मँगनीज-ऑक्सिजन बंधाचे कंपन हेरून, सेकंदाला 17 लाख कोटी कंपनांचा अवरक्त प्रकाश वापरण्यात आला. तेव्हाही रोध झपाट्याने घसरला. सगळा पदार्थ न तापवता एकच कंपन छेडणे, हे त्यातले मर्म.

हीच युक्ती आंद्रेया काव्हालेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याच्या ऑक्साइडांवर वापरली. 2011 साली त्यांनी लॅन्थॅनम, युरोपियम, स्ट्रॉन्शियम आणि तांबे यांचे एक ऑक्साइड घेतले. 10 केल्विनलाही ते अतिसंवाहक नसते, कारण त्यातील विद्युतभार पट्ट्यापट्ट्यांत अडकून बसतात. सुमारे 16 मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाशझोत पडताच एक-दोन पिकोसेकंदांत त्यात अतिसंवाहकासारखी लक्षणे दिसली. 2016 साली पोटॅशियम आणि 60 कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू यांच्या संयुगात अशी लक्षणे सुमारे 100 केल्विनपर्यंत दिसली. एरवी हे संयुग 20 केल्विनखालीच अतिसंवाहक असते. 2023 साली त्याच संयुगासाठी अधिक योग्य वारंवारता सापडली, आणि पूर्वीच्या सुमारे शंभरावा हिस्सा तीव्रतेच्या प्रकाशाने काम भागले.

मोजायचे कसे?

खरी अडचण पुढे आहे. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम 0.3 मिलिमीटर जातो. नेहमीचा ॲमीटर लावून इतक्या अल्पकाळातला रोध मोजणे शक्य नाही. म्हणून पहिल्या झोतामागोमाग दुसरा, अतिशय क्षीण झोत पाठवतात आणि तो कसा परावर्तित होतो यावरून वाहकतेचा अंदाज बांधतात.

पण ‘अतिसंवाहकासारखे परावर्तन’ म्हणजे ‘अतिसंवाहकता’ नव्हे. इलेक्ट्रॉन काही क्षण अधिक मोकळेपणे धावू लागले तरी असेच परावर्तन मिळू शकते, असा आक्षेप अनेकांनी घेतला. मग दुसरे लक्षण तपासणे आले. 2024 साली काव्हालेरींच्या हॅम्बुर्ग येथील गटाने इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडाशेजारी चुंबकीय क्षेत्रानुसार प्रकाशाची ध्रुवणदिशा फिरवणारा पदार्थ ठेवला. झोत पडताच ऑक्साइडातून चुंबकीय क्षेत्र क्षणभर बाहेर ढकलले गेल्याचे त्यात नोंदले गेले. नुसत्या चांगल्या वाहकाकडून इतका परिणाम अपेक्षित नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. झोताने जोड्या नव्याने जमतात, की आधीच जमलेल्या पण विस्कळीत जोड्या एका तालात येतात, यावर वाद चालू आहे.

यातून उद्या विनारोध वीजवाहिन्या मिळतील असे समजू नये. परिणाम फार थोडा काळ टिकतो. 2021 साली कार्बनच्या त्या संयुगात तो नॅनोसेकंदांपर्यंत लांबवता आला, इतकेच. शिवाय लेसर चालवायला ऊर्जा लागतेच. मोल आहे ते ज्ञानाचे. थंडीने जोड्या जमतात हे आपण पाहतो, पण नेमका कोणता अडथळा दूर झाल्याने त्या जमतात हे कळत नाही. प्रकाशाने एकेक कंपन वेगळे छेडून तो अडथळा शोधता येतो. तो सापडला, तर तो दूर करणारा पदार्थ मुद्दाम घडवता येईल, आणि मग कदाचित झोताची गरजही उरणार नाही.

नवव्या-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न देऊन पाहा : कोणी वर्तमानपत्रात ‘सामान्य तापमानाचा अतिसंवाहक सापडला’ असे लिहिले, तर तुम्ही कोणते दोन पुरावे मागाल? आणि लंबकाच्या प्रयोगात चौथ्या लंबकाची लांबी जराशी बदलली, तर काय होते, तेही त्यांना स्वतः करून पाहू द्या.