बँक व्यवसायातील निरंतर शिक्षण आणि पदोन्नती

प्रस्तावना

शिक्षण ही नोकरी मिळेपर्यंतची तयारी होय, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. नेमणूक झाली की पुस्तके बाजूला पडत. व्यवसायाचे स्वरूप स्थिर असेल तर ही समजूत खपून जाते. भारतीय बँक व्यवसायात मात्र एकाच कर्मचाऱ्याच्या सेवाकाळात कामाची पद्धत अनेकदा बदलली. प्रस्तुत लेखात या व्यवसायाच्या आधारे निरंतर शिक्षण आणि पदोन्नती यांतील संबंध स्पष्ट केला आहे.

बदलते कामकाज

1969 मध्ये 14 आणि 1980 मध्ये 6 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखा ग्रामीण भागात पोहोचल्या आणि शेती व लघुउद्योग यांच्या कर्जव्यवहाराचे ज्ञान आवश्यक ठरले. 1984 मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. पुढे खतावण्यांची जागा संगणकाने घेतली आणि कोअर बँकिंगमुळे ग्राहक एका शाखेचा न राहता संपूर्ण बँकेचा झाला. 2016 मध्ये यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी दिवाळखोरी संहिता संमत झाली, तर 2017 मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. यांपैकी प्रत्येक बदलाने कर्मचाऱ्याचे पूर्वीचे ज्ञान अपुरे ठरविले.

शिक्षणाची व्यवस्था

ही गरज भागविण्यासाठी 1928 मध्ये स्थापन झालेली, मुंबईस्थित इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था बँक कर्मचाऱ्यांसाठी परीक्षा घेते. जेएआयआयबी ही पहिली पायरी, तर सीएआयआयबी ही पुढची. 2023 पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या परीक्षेस चार विषय आहेत. दुसरीस चार अनिवार्य व एक ऐच्छिक विषय आहे. या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना वेतनवाढीचा लाभ मिळतो आणि अनेक बँकांत पदोन्नतीच्या वेळी त्यांचा विचार होतो.

प्रमाणपत्र आणि आकलन

तथापि प्रमाणपत्र पदोन्नतीचे दार उघडते. पदाची जबाबदारी आकलनाच्या बळावरच पेलता येते. समजा, एका व्यापाऱ्याची चालू मालमत्ता 20 लाख रुपये आणि चालू देणी 10 लाख रुपये आहेत. पाठ केलेल्या सूत्रानुसार 2:1 हे प्रमाण समाधानकारक दिसते. परंतु त्या मालमत्तेत 8 लाखांचा न खपणारा माल आणि 4 लाखांची थकलेली उधारी असेल, तर 10 लाखांच्या देण्यांसमोर उपयोगी मालमत्ता केवळ 8 लाखांची उरते. सूत्र दोन्ही अधिकाऱ्यांना ठाऊक असते. गोदामात जाऊन माल पाहण्याची आणि उधारीची तारीख विचारण्याची बुद्धी ज्याला होते, त्याचेच शिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येईल. चुकीच्या निर्णयाची किंमत बँकेला थकीत कर्जाच्या रूपाने, तर अधिकाऱ्याला चौकशीच्या रूपाने मोजावी लागते.

अडचणी

दिवसभराच्या कामानंतर अभ्यासासाठी वेळ काढणे सोपे नसते. बदलीमुळे त्यात खंड पडतो. घरची जबाबदारी मुख्यतः ज्यांच्यावर असते अशा महिला कर्मचाऱ्यांना तर पदोन्नतीची संधी अनेकदा सोडून द्यावी लागते. अशा वेळी शिक्षण हा केवळ वैयक्तिक महत्त्वाकांक्षेचा विषय मानून सारा भार कर्मचाऱ्यावर टाकणे न्याय्य नाही. परीक्षेपूर्वी रजा देणे, वरिष्ठांचे मार्गदर्शन उपलब्ध करणे आणि उत्तीर्ण कर्मचाऱ्यास त्या विषयाशी संबंधित काम सोपविणे या गोष्टी बँकांना सहज करता येतील. कर्जविषयक अभ्यास केलेली व्यक्ती वर्षानुवर्षे रोख खिडकीवरच बसली, तर तिचे ज्ञान विसरले जाते.

निष्कर्ष

निरंतर शिक्षणामुळे पदोन्नती होते हे खरे असले, तरी ते अर्धसत्य आहे. शिकलेले ज्ञान दैनंदिन निर्णयात उतरले तरच मिळालेले पद टिकते आणि शोभते. कर्मचाऱ्याने परीक्षेपलीकडे अभ्यास करणे आणि संस्थेने त्या अभ्यासाला कामात स्थान देणे, या दोन्ही गोष्टी जुळून आल्या तरच व्यक्तीची व व्यवसायाची प्रगती एकत्र साधते.