बोट गेलं, हक्क गेलेला नाही

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात रात्रपाळीला कुणाचं बोट मशीनमध्ये सापडलं, की रिक्षा सिव्हिल हॉस्पिटलकडे धावते. मागोमाग मालकाचा निरोप येतो, "दहा हजार घे, मिटवून टाक." कामगारही मान डोलावतो. त्यामागे काही पक्के गैरसमज असतात.

गैरसमज : चूक माझीच होती, मग भरपाई कसली?
वस्तुस्थिती : अपघात कामावर, कामामुळे झाला एवढं पुरतं. डुलकी लागली, हात चुकला, तरी हक्क राहतो. दारूच्या नशेत असणं किंवा मुद्दाम सुरक्षा-जाळी काढणं, हे अपवाद. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तेही आड येत नाहीत.

गैरसमज : मी बदली कामगार, हजेरीवर नावच नाही.
वस्तुस्थिती : बदली, रोजंदार, ठेकेदाराचा माणूस, सगळ्यांना हक्क आहे. पगाराची चिठ्ठी, मोबाइलवर आलेले पैसे, शेजारच्या मागावरच्या सोबत्याची साक्ष, हे पुरावेच आहेत.

गैरसमज : कागदावर सही केली, विषय संपला.
वस्तुस्थिती : कायद्याने दिलेली भरपाई सोडून देण्याचा करार रद्दबातल ठरतो. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातलं हे संरक्षण आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. सही करून किती सोडून देता, त्याचा हिशेबच पाहा. वय 30, पगार 12 हजार, उजव्या हाताची तर्जनी पूर्ण गेली. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200. त्याला वयाचा गुणक 207.98, त्याचे 14 टक्के. होतात सुमारे 2 लाख 9 हजार 600. आणि हातावर टेकवतात दहा हजार!

गैरसमज : ईएसआय (राज्य कामगार विमा) नव्या कामगाराला मिळत नाही.
वस्तुस्थिती : कामावरच्या अपघाताला किती महिने वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्या दिवशीही संरक्षण आहे. बरं होईपर्यंत वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते. मात्र ईएसआय लागू असेल तर भरपाई ईएसआय महामंडळाकडून घ्यायची, मालकाकडून वेगळी नाही.

गैरसमज : सरकारी मदत म्हणजेच भरपाई.
वस्तुस्थिती : 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत मालकासह आठ जण गेले. अशा वेळी सरकार जाहीर करतं ती मदत. कायद्याची भरपाई हा वारसांचा वेगळा हक्क.

सिव्हिलमध्ये केसपेपर काढताना "घरी पडलो" असं कुणाच्याही सांगण्यावरून लिहू देऊ नका. "कामावर, मशीनमध्ये" हे शब्द लिहून घ्या आणि त्या कागदाची प्रत घेऊन सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय गाठा.