उपासना कोण चालवणार?

३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी प्रार्थना समाज सुरू झाला. मूर्ती नाही आणि भटजीही नाही, तेव्हा रविवारी जमलेल्या मंडळींपुढे बसून उपासना चालवायची कोणी, हा प्रश्न ओघाने आलाच. आपल्यातल्याच कोणीतरी, असे समाजाने ठरवले. त्यामुळे कोर्टात निकाल देणारे महादेव गोविंद रानडे, कॉलेजात संस्कृत शिकवणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले नारायण चंदावरकर ही मंडळी त्या आसनावर बसली. जो मान हजार वर्षे जन्माने मिळत होता तो आता योग्यतेने मिळू लागला, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी मागे वळून पाहताना या गोष्टीचे मोल मुळीच कमी वाटत नाही. पण समाजाची खरी परीक्षाही याच आसनावर झाली, असे मला वाटते. भटजी कसाही वागो, त्याने म्हटलेल्या मंत्राला यजमान कमी लेखत नाही. समाजाच्या उपासकापाशी मंत्राचा अधिकार नव्हता, गुरूची गादीही नव्हती. त्याच्या शब्दाला तारण होते ते त्याच्या वागण्याचे.

उपासनेचा क्रम पाहिला तर हे लक्षात येते. उद्बोधन, स्तवन, प्रार्थना, उपदेश आणि शेवटी आरती, तीही समोर मूर्ती नसताना म्हटलेली. स्तवन आणि आरती सगळ्यांची. उपदेश मात्र एकट्याचा. १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामांच्या गाथेचा पहिला खंड निघाला आणि या नव्या उपदेशकांना मोठाच आधार झाला. तोच अभंग कीर्तनकारही निरूपणाला घेतो, पण तिथे टाळकरी धृपद उचलतात, मृदंग बोलतो, बुवा थांबले की श्रोते नामाचा गजर करतात. इथे श्रोते हात जोडून ऐकत बसले. रानड्यांच्या उपदेशांचे पुस्तक निघाले त्याचे नाव ‘धर्मपर व्याख्याने’, आणि ते नाव चुकलेले नाही: मांडणी भक्कम, युक्तिवाद बिनतोड. व्याख्यानाला वक्त्याचे चरित्र लागत नाही. उपदेशाला ते लागते, आणि ऐकणाऱ्यांना हा फरक बरोबर कळतो.

१८७३ साली पत्नीच्या निधनानंतर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. १८९० साली पुण्यात रानडे आदी मंडळी ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये चहाला गेली आणि ते प्रकरण गाजले. पुढे त्याबद्दल रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतले. उलट १८९१ साली भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला. यावर कोणी म्हणेल, उपदेश खरा की खोटा हे बोलणाऱ्याच्या घरावरून का ठरवायचे? रानड्यांचे एकेश्वरवादाचे विवेचन त्यांच्या प्रायश्चित्ताने खोटे ठरत नाही, आणि लोकांना बरोबर घेऊन चालायचे तर चार पावले मागे यावे लागते. ग्रंथापुरते हे मान्य करावेच लागेल. रानड्यांचा ग्रंथ आजही तितकाच पटतो. पण उपासनेला आलेला माणूस ग्रंथ वाचायला आलेला नसतो. उद्या घरी भाऊबंद अडवतील तेव्हा काय करू, हे त्याला विचारायचे असते. त्याचे उत्तर भांडारकरांच्या घरात मिळत होते. सभासदाने जात सोडलीच पाहिजे, घरातले देव काढलेच पाहिजेत अशी सक्ती समाजाने कधी केली नाही. या सौम्यपणामुळे संस्था तगली खरी, पण आसनावरून निघालेला शब्दही तितकाच सौम्य झाला.

दुसरा आक्षेप जोतीराव फुल्यांचा, आणि तो जास्त झोंबणारा आहे. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी ब्राह्मो आणि प्रार्थना समाजांवर सडकून टीका केली. आसनावर बसणारे बहुतेक पांढरपेशे उच्चवर्णीय होते, हे कोणी नाकारू शकत नाही. त्या आसनाची योग्यता सिद्ध झाली ती जमखंडीहून आलेल्या एका मराठा तरुणामुळे. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्र शिकून १९०३ साली परतले आणि समाजाचे प्रचारक झाले. १९०६ साली त्यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यातून निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे काम वाढले. तिथे उपदेश आणि वागणे यांत अंतर उरले नाही. शिंदे प्रार्थना समाजात टिकले असते तर त्याची उपासना चाळीत, वाड्यावस्तीत गेली असती असे मानायला जागा आहे. कारण पुढे पुण्यात त्यांनी कौटुंबिक उपासनेचे मंडळ चालवले ते नेमके याच वाटेने. पण १९१० साली त्यांनी समाजाचे प्रचारकपद सोडले. आज गिरगावात ‘प्रार्थना समाज’ म्हटले की बहुतेकांना एक नाका आणि एक बसथांबा आठवतो.