पायवाट आणि उंबरठा



चालण्यात भक्ती असते, हे वारीचा वारसा लाभलेल्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. दिंडी गावात आली की कोणाच्या पडवीत मुक्काम आणि कोणाच्या घरची पिठले-भाकरी, हे ओघानेच येते. ख्रिस्ती परंपरेतही चालणे आणि आतिथ्य यांची अशीच सांगड आहे. तिचे थोडे विवेचन करण्याचे मी आज योजिले आहे. माझे म्हणणे इतकेच की, या परंपरेत वाट चालणे आणि दार उघडणे या दोन निरनिराळ्या साधना नाहीत. ती एकाच साधनेची दोन अंगे आहेत.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. लॅटिनमधील ‘होस्पेस’ या शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला ‘इस्पितळ’ हा शब्द याच कुळातला. ‘पेरेग्रिनुस’ म्हणजे मुळात परमुलखातला, परका मनुष्य. पुढे त्यालाच यात्रेकरू हा अर्थ प्राप्त झाला. यात्रेला निघणे म्हणजे आपण होऊन परके होणे, हे या शब्दाच्या इतिहासातच आहे.

या विचाराचे मूळ चित्र लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात सापडते. येशूच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी दोन खिन्न शिष्य यरुशलेमहून अम्माऊस या गावी चालले आहेत. अंतर सुमारे ११ किलोमीटर. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांना येऊन मिळतो. दिवस कलतो, तेव्हा ते त्याला आग्रहाने आपल्याकडे ठेवून घेतात. पंक्तीला बसल्यावर मात्र तो पाहुणाच भाकर हाती घेतो आणि मोडून त्यांना देतो. त्या क्षणी त्यांना ओळख पटते की हा येशूच आहे. वाटभर बोलणे होऊनही जी ओळख पटली नाही, ती परक्याला घरात घेतल्यावर पटली. आणि पाहुणा कोण, यजमान कोण, हा भेदही तेथे पुसला गेला.

तथापि आतिथ्य केवळ भावनेवर टिकत नाही, त्याला शिस्त लागते. ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात फिरत्या प्रचारकांविषयी रोखठोक नियम आहेत. प्रचारकाचे स्वागत करावे, पण त्याने एक दिवस, फार तर दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खरा नव्हे. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी, पैसे मागू नयेत. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्या ५३व्या प्रकरणात प्रत्येक पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त समजून करावे, असा दंडक आहे. मठाधिपतीने पाहुण्याच्या हातांवर पाणी घालावे, त्याचे पाय धुवावेत, प्रसंगी त्याच्यासाठी स्वतःचा उपवासही मोडावा. गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंताला मान देण्यास कोणी शिकवावे लागत नाही. याच नियमावलीत, मठामठांतून पाहुणचार झोडीत फिरणाऱ्या भटक्या संन्याशांवर कडक टीकाही आहे. केवळ पायपिटीने साधना होत नाही, हा तिचा इत्यर्थ.

या परंपरेचा सर्वांत मोठा विस्तार स्पेनच्या वायव्येस सांतियागो दे कोंपोस्तेला येथे जाणाऱ्या वाटांवर झाला. प्रेषित याकोबाची समाधी तेथे आहे, अशी श्रद्धा. बाराव्या शतकात या वाटांवर यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी निवारे उभे राहिले. पुढे कित्येक शतके ही वर्दळ ओसरली. १९८०च्या दशकात एलियास वालिन्या या डोंगरी गावातील धर्मगुरूंनी वाट दाखविणारे पिवळे बाण रंगविले, आणि १९९३ साली स्पेनमधील वाटेला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. २०२३ साली यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेणारे ४ लाख ४० हजारांहून अधिक होते. गर्दीबरोबर व्यापारही आला. खाटा आगाऊ राखून ठेवता येतात, सामान गाडीने पुढे धाडता येते. ज्याला कशाचीच गरज उरली नाही, त्याचे आतिथ्य कोणी आणि कसे करावे? तरीही ज्याला जमेल तेवढे दान पेटीत टाकण्याची मुभा देणारे निवारे त्या वाटेवर आजही आहेत. ते चालविणारे स्वयंसेवक बहुधा एके काळचे यात्रेकरूच असतात. आपल्याला मिळालेला निवारा दुसऱ्याला देण्यासाठी ते परत येतात.

आपल्या शेजारच्या गोव्यातही याचे उदाहरण आहे. १६५१ साली बाणावली येथे जन्मलेले जोसेफ वाझ १६८७ साली डचांच्या अमलाखालील श्रीलंकेत वेषांतर करून पोहोचले. तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. अनवाणी, लपतछपत हिंडणाऱ्या या माणसाला सामान्यांच्या घरांनी आसरा दिला. कँडीच्या बौद्ध राजाने प्रथम हेर समजून त्यांना कैदेत टाकले, पण पुढे मोकळीक दिली. १६९७ साली तेथे देवीची साथ पसरली, तेव्हा याच परक्याने टाकून दिलेल्या रुग्णांची शुश्रूषा केली. २०१५ साली त्यांना संतपद देण्यात आले.

मित्रहो, आपल्या जुन्या पिढीतील कित्येकजण वार लावून जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यांतील अनेकांनी पुढे आपल्या घरी गरीब विद्यार्थ्यांना वार दिले, याला कोणी साधना म्हटले नाही इतकेच. आज या शाळेतून बाहेर पडणारी मुले पुण्या-मुंबईस, परदेशी जातात, आणि आपल्या गावातही दूरदूरचे लोक पोटासाठी येतात. त्यांची भाषा निराळी, देव निराळा. त्यांना दार उघडताना आपण कोणाच्या दारी जेवलो होतो याचे स्मरण राहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.