गाता गज : दा. के. दातार आणि गायकी अंगाचे व्हायोलिन

युरोपात सोळाव्या शतकात आकाराला आलेले व्हायोलिन कर्नाटक संगीताने एकोणिसाव्या शतकातच आपलेसे केले, आणि त्याचे श्रेय परंपरेने मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांना दिले जाते. हिंदुस्थानी संगीताच्या स्वतंत्र मैफलीत मात्र त्याला मानाची जागा मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम लाभलेले गायक गजाननराव जोशी (१९११-१९८७) हे या वाटेवरचे अग्रणी होत, तर वि. गो. जोगांनी बिस्मिल्ला खाँच्या सनईशी जुगलबंदी करून या वाद्याला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला.

कोल्हापूरला १९३२ साली जन्मलेले दामोदर केशव दातार या दोघांनंतरच्या पिढीचे. विघ्नेश्वर शास्त्रींकडे वादनाचे शिक्षण घेतल्यावर त्यांना द. वि. पलुस्करांचे मार्गदर्शन लाभले, आणि पलुस्करांच्या नेटक्या, अनाठायी विस्तार टाळणाऱ्या गायनाचा ठसा दातारांच्या वादनावर कायमचा उमटला, असे म्हणण्यास हरकत नाही.

वाद्यातून गायनाचाच आविष्कार साधणाऱ्या या शैलीस गायकी अंग म्हणतात. सतार-सरोदासारखी आघातप्रधान, लयीच्या खेळावर भर देणारी शैली म्हणजे तंतकारी अंग. व्हायोलिनला पडदे नसल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, म्हणजे मींड, त्यावर सहज निघते. शिवाय भारतीय वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवतो, त्यामुळे वाद्य पेलण्याच्या कामातून डावा हात मोकळा होऊन तारेवर लांबवर फिरू शकतो. पण ही सहजताच घातकही ठरते, कारण प्रत्येक स्वर घसरतच गाठला तर वादन रडवे होते (हा दोष नामवंतांतही आढळतो). दातारांकडे मींड होती, पण ती रागाला हवी तिथेच. एरवी स्वर थेट आणि स्वच्छ लागे. गजाची लांबी ते गायकाच्या दमासारखी वापरीत, म्हणजे एकाच ओढीत अनेक स्वर गुंफून बंदिशीचा शब्द जिथे संपेल तिथेच गजाची दिशा बदलीत.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९९५) आणि पद्मश्री (२००४) हे सन्मान त्यांना उशिराच मिळाले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे गोमंतकीय शिष्य मिलिंद रायकर यांनी पुढे किशोरी आमोणकरांची साथ केली आणि त्यांच्याकडून तालीमही घेतली. वादकाने गायकापाशी शिकण्याची रीत अशी आणखी एका पिढीत चालू राहिली.