उरलेल्या औषधांचे काय करावे?



आपल्या घरी कोनाड्यात किंवा पत्र्याच्या डब्यात थोडीफार औषधे पडून असतातच: ताप उतरल्यावर राहिलेल्या गोळ्या, खोकल्याची अर्धी बाटली, गाईसाठी आणलेली इंजेक्शनची कुपी. पैसे मोजून आणलेली वस्तू टाकवत नाही, हे आम्ही जाणतो. पण लहान मूल रंगीत गोळी खाऊ समजून तोंडात घालते. म्हणून दर चार-सहा महिन्यांनी हा डबा तपासावा.

पाकिटावर मुदतीचा महिना व वर्ष छापलेले असते. त्या महिन्याच्या अखेरीपर्यंतच औषध वापरावे. मुलांसाठी पाण्यात कालवलेले औषध मात्र थोड्याच दिवसांत निकामी होते.

टाकायची औषधे विहिरीत, ओढ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. जंतू मारणारे औषध माती-पाण्यात मिसळले की जंतू त्याला सरावतात. मग खऱ्या आजारात ते लागू पडत नाही. चुलीतही जाळू नयेत. धूर अपायकारक असतो.

आपली उरलेली औषधे जनावरांना देऊ नयेत. कंबरदुखीवरचे डायक्लोफिनॅक दिलेले जनावर लवकरच मेले व गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते. याच कारणाने 1990 नंतर देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली आणि मेलेली ढोरे गावाबाहेर कुजत राहिली. सरकारने 2006 साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून 2015 साली कुपी 3 मिलिलिटरची केली.

मग करावे काय? प्रथम औषध विक्रेत्याला किंवा आरोग्य केंद्रात विचारावे. परत घेत असतील तर तेथेच द्यावीत. 2016 च्या घनकचरा नियमांत अशी औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. पंचायतीची गाडी येत असेल तर वेगळी बांधून द्यावीत. दोन्ही सोय नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून, न कुटता, ओल्या राखेत किंवा चहाच्या चोथ्यात कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधाव्यात आणि मुले, गुरे व कुत्री पोचणार नाहीत अशा कचऱ्यात टाकाव्यात. सुया जाड डब्यात बंद करून आरोग्य केंद्रात द्याव्यात.

सर्वांत उत्तम म्हणजे डॉक्टरांनी लिहिले तेवढेच औषध आणावे आणि सांगितले तितके दिवस पुरते घ्यावे. मग टाकायला फारसे उरतच नाही.